जिन्यात अडकलेला टीव्ही

मतदान तीन विरुद्ध एक असं झालं आणि अण्णांनी फेरमोजणीची मागणी केली.

"चार जणांत काय फेर मोजायचं, अण्णा?" थोरली म्हणाली.

"मतदारयादीच चुकीची आहे. या घरात राहणाऱ्या सगळ्यांना मत हवं."

"म्हणजे टीव्हींनाही?"

"तेवीस आहेत. कधीपासून राहतायत बिचारे."

धाकट्याला हसू आलं. पण आज तो बहिणीच्या बाजूने होता, म्हणून त्याने ते खोकल्यात लपवलं. माईंनी टेबलावर चमचा आपटला. सभा त्यांनीच बोलावली होती, रविवारी सकाळी अकराला, आणि विषय एकच होता : मागची मोठी खोली. थोरलीच्या दवाखान्याची जागा मालकाला परत हवी होती. पुढच्या महिन्यापासून ती घरीच दात बघणार होती आणि त्यासाठी घरात एकच खोली होती. त्या खोलीत आज दाताच्या खुर्चीचं सोडा, साधं स्टूलही मावलं नसतं. गोल पडद्याचे टीव्ही, चार पायांवर उभे राहणारे टीव्ही, सुटकेससारखी मूठ असलेले टीव्ही, आणि अंतराळवीराच्या टोपीसारखा तो नारिंगी, ज्याला माई 'भोपळा' म्हणत. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या अण्णांनी गेल्या बारा वर्षांतले सगळे रविवार भंगारवाल्यांकडे, बंद पडलेल्या हॉटेलांत आणि लिलावांत घालवले होते. त्याचा हा एवढा संसार.

"ठराव असा," माई म्हणाल्या. "सहा टीव्ही राहतील. कुठले ते यांनी निवडायचं. बाकीचे जातील. आणि आजपासून या उंबऱ्याच्या आत नवीन टीव्ही येणार नाही."

"भोपळा राहणार," अण्णा पडेल आवाजात म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला.

माईंनी तो उचलला. "हॅलो... कोण?" त्यांनी भुवया इतक्या उंच नेल्या की थोरलीला शंकाच आली. मग फोनवर तळहात ठेवून त्या म्हणाल्या, "तुमची बहीण."

धाकट्याने आईकडे पाहिलं, थोरलीने बापाकडे. या घरात बारा वर्षांत आत्याचा फोन आला नव्हता. आजोबा गेले, त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान रिकामं करावं लागलं, आणि आत्याने दुकानाच्या दर्शनी काचेतला तो सरकत्या दारांचा लाकडी टीव्ही विकून टाकला. तो आजोबांचा पहिला टीव्ही होता. संध्याकाळी ते त्याची दारं सरकवत आणि अर्धा रस्ता दुकानासमोर गोळा होई. अण्णा परगावच्या कामाहून परतले तेव्हा दुकानात चार खिळे उरले होते. तिच्या दारात उभं राहून ते म्हणाले होते, "तू बाबांना विकलंस." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. अण्णांनी पहिला जुना टीव्ही विकत आणला तो त्याच महिन्यात.

"काय म्हणते?" अण्णांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"सापडलाय म्हणते. सरकत्या दारांचा. बाबांचा."

पुढे जे झालं ते नक्की कुठल्या क्रमाने झालं यावर नंतर वाद झाले. अण्णा उठले, बसले, पुन्हा उठले. हत्यारांची पिशवी सापडली, चष्मा हरवला, तो कपाळावर सापडला. एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात धाकट्याची घालून ते दाराबाहेरही पडले.

"अण्णा, ठराव!" थोरली मागून ओरडली. "आत्ता, पाच मिनिटांपूर्वी!"

"ठराव नवीन टीव्हीबद्दल होता. हा जुना आहे!"

धाकट्याची कपडे धुण्याची लॉन्ड्री होती आणि हॉटेलांच्या चादरी पोचवायची व्हॅन खाली उभी होती. तो किल्ली शोधत होता, म्हणजे पक्ष बदलून मोकळाही झाला होता. थोरली दारात दोन क्षण थांबली. मग "मी फक्त लक्ष ठेवायला येतेय" असं कुणीही न विचारता सांगून तीही चादरींच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली.

माई सगळ्यांत शेवटी, सावकाश आल्या. त्यांना घाई नव्हती. फोन सव्वाअकराला यायचा होता, तो बरोबर सव्वाअकराला आला होता. नऊ वर्षं दर गुरुवारी त्या आणि त्यांची नणंद बाजारामागच्या चहाच्या दुकानात भेटत होत्या. घरी त्या सांगत, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेय. परवाच्या गुरुवारी नणंद म्हणाली होती, "वहिनी, बाबांचा टीव्ही सापडला," आणि माईंनी तिथल्या तिथे ठरवलं होतं : रविवारी, सभेच्या मध्यात. हा माणूस बहिणीसाठी कदाचित घराबाहेर पडणार नाही. टीव्हीसाठी मात्र अनवाणी धावेल.

*

अण्णांनी बहिणीला इमारतीच्या फाटकाशी पाहिलं आणि त्यांना पहिली गोष्ट ही वाटली की हिचे केस कधी पांढरे झाले? खांद्यावर मोजपट्टी तशीच होती. ती घरोघरी जाऊन पडदे शिवायची. या इमारतीत एका बाईंचे पडदे उतरवायला आली होती, कारण बाई घर सोडून भाचीकडे राहायला चालल्या होत्या. पडद्यामागे टीव्ही निघाला होता.

"आलास," आत्या म्हणाली.

"हो."

अण्णांनी मान वर करून इमारतीकडे पाहिलं.

"कितवा मजला?"

"तिसरा."

"लिफ्ट?"

"नाही."

"बरं."

बारा वर्षांनंतरचं संभाषण एवढंच झालं, आणि अण्णा पायऱ्या चढू लागले. छाती धडधडत होती. ती पायऱ्यांमुळे, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. दार उघडताच त्यांनी पाचही जणांना एकदम बघून घेतलं. "एकेकाने आत या. धक्काबुक्की नको."

खोलीत खोकी होती, गुंडाळलेला जगाचा नकाशा होता, आणि एक माणूस गुडघ्यावर बसून टेपने काहीतरी मोजत होता. अण्णांनी त्याला मागूनच ओळखलं. टक्कल, मानेवर तीळ. हा फ्रेमवाला. तसबिरींच्या फ्रेम करायचं याचं दुकान होतं आणि प्रत्येक लिलावात हा अण्णांच्या आधी पोचलेला असायचा.

"तुम्ही?" अण्णा म्हणाले.

"तुम्ही?" फ्रेमवाला म्हणाला.

"हे गृहस्थ तासापूर्वी आले," बाई म्हणाल्या. "जो आधी आला त्याला आधी. वर्गात मी हेच शिकवलं."

अण्णांचा चेहरा पडला. आणि मग, लक्ष ठेवायला आलेली थोरली पुढे झाली. रुग्णाला तोंड उघडायला लावताना ती जसं गोड बोलायची तसं बोलली.

"किती काळजीपूर्वक मोजताय हो तुम्ही. याचं काय करणार?"

"सुंदर लाकूड आहे, ताई," फ्रेमवाला खुलला. "आतला सगळा कचरा काढून टाकायचा. ट्यूब, तारा, सगळं. आत काचेची टाकी बसवायची. दिवा सोडायचा. सोनेरी मासे! दारं सरकवली की मासे!"

बाईंचे ओठ घट्ट मिटले.

"कचरा," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी कित्येक वर्षं रोज संध्याकाळी याला फडक्याने पुसलंय. मागच्या महिन्यापर्यंत चालत होता तो. आणि तुम्ही?" त्या अण्णांकडे वळल्या. "तुम्ही काय करणार?"

"चालू ठेवणार," अण्णा म्हणाले.

"मिळाला तुम्हाला. आणि तुम्ही," बाई फ्रेमवाल्याला म्हणाल्या, "बाहेर."

थोरलीने हवेत मूठ उडवली, मग स्वतःलाच दचकून ती मूठ पर्समध्ये घातली.

अण्णा टीव्हीसमोर बसले. चार निमुळते पाय, मधाच्या रंगाचं लाकूड. त्यांनी डावं दार हळूच सरकवलं आणि आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं. गुळगुळीतच. आजोबांच्या टीव्हीच्या डाव्या दारावर आतून एक करपलेला खड्डा होता. नऊ वर्षांचे असताना अण्णांनीच तारा जोडायची तापलेली सळई तिथे टेकवली होती.

हा तो नव्हता.

त्यांनी मान वर केली. बहीण हात छातीशी धरून त्यांच्याकडे बघत होती. डोळे भरलेले, ओठ हसायच्या तयारीत. परीक्षेचा निकाल बघायला उभी असल्यासारखी.

"हाच तो," अण्णा म्हणाले.

धाकट्याने शिट्टी मारली. माईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पण मी तर हा नवाकोरा..." बाईंनी सुरुवात केली.

"बाई, पाणी मिळेल?" आत्या एवढ्या जोरात म्हणाली की बाई वाक्य तिथेच टाकून आत गेल्या.

*

तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर तो टीव्ही एखाद्या पाहुण्यासारखा उतरला. वरून अण्णा, खालून धाकटा आणि आत्या. "सावकाश!", "माझा अंगठा!", "पाय बघ, पाय!" असा गजर करत वरात निघाली. दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर मात्र एक पाय कठड्याच्या गजांत शिरला, वरचा कोपरा भिंतीला टेकला, आणि टीव्ही थांबला. ढकलला, हलला नाही. ओढला, हलला नाही.

"व्हॅनमधून पट्टा आणतो," असं म्हणून धाकटा खाली पळाला. टीव्ही आपल्याच वजनाने पक्का बसला होता. तरीही आत्याने दोन्ही हात त्याला लावून ठेवले. तिच्यासमोर पडदा होता, आणि पलीकडे, भोकाभोकांच्या झाकणामागे, कुठेतरी तिचा भाऊ.

"दादा."

"हं," टीव्ही म्हणाला.

आत्याला हसू फुटलं.

"काय झालं?" टीव्हीने विचारलं.

"तुझा आवाज याच्यातून येतोय. बातम्या देतोयस असं वाटतंय."

"मग ऐक ठळक बातम्या. आमच्या प्रतिनिधीची कंबर गेली."

ती हसता हसता कठड्याला टेकली. एवढं सोपं असतं? बारा वर्षं तिने मनात किती भाषणं तयार केली होती. काही रागाची, काही रडवेली, एक तर फारच सुंदर. त्यांतलं एकही वाक्य आत्ता आठवेना.

"दादा, एक सांगायचंय. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण हात सोडू नकोस."

"सांग."

"हा बाबांचा नाहीये."

आत्याने पुढचंही भराभर सांगून टाकलं.

"बाईंनी नवा घेतलेला आहे. मी वहिनीलाही खोटंच सांगितलं. मला वाटलं, लांबून सारखाच दिसतो, तुला कळणार नाही."

"डाव्या दारावर डाग नाही. दार सरकवलं तेव्हाच कळलं."

"मग हाच तो का म्हणालास?"

"तुझं तोंड बघून. एवढा आनंद झालेला तुला. म्हटलं, असू दे."

"मला टीव्हीचा आनंद नव्हता झाला, गाढवा!"

वरून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तीन दिवस दिले होते मालकाने," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "तीन दिवसांत सगळं दुकान. मी एकटी. तुला निरोपावर निरोप पाठवले. माझ्या एका खोलीत तो टीव्ही दारातूनच जाईना. रस्त्यावर ठेवला असता तर पाण्याने कुजला असता. मी काय करायचं होतं, सांग."

"निरोप मिळाला होता मला."

"काय?"

"पहिलाच मिळाला होता. मी परगावी लिफ्ट बसवत होतो, सुट्टीही मिळाली असती. माझीच हिंमत झाली नाही. बाबा नसलेलं दुकान बघायची. म्हटलं, जरा उशिराने जाऊ. आणि मग तुझ्यावर ओरडणं सोपं गेलं. मी यायला हवं होतं. चूक माझी होती. बारा वर्षं मला हे ठाऊक होतं."

आत्याने पडद्यावर तळहात टेकवला. काच गार होती.

"हे तू येऊन का नाही सांगितलंस?"

"तुझं तोंड समोर असताना तर मुळीच जमलं नसतं. हे बरं पडलं."

खालून पावलं आली. एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. जिन्याच्या वळणावर टीव्हीला हात लावून रडणारी एक पांढऱ्या केसांची बाई तिने पाहिली आणि ती थबकली.

"काय झालं हो?"

"काही नाही," आत्या डोळे पुसत म्हणाली. "भावाशी बोलतेय."

"नमस्कार," टीव्ही म्हणाला.

पिशवीवाल्या बाईच्या हातून दोन बटाटे निसटले आणि टणाटण उड्या मारत खाली गेले. त्यांच्यामागे तीही गेली.

मग मात्र दोघांचाही बांध फुटला. आत्या पायरीवरच बसली. वर अण्णा हसत होते, आणि झाकणामागून ते हसू असं घुमत होतं की तिला आणखी हसू येत होतं.

"आणि खरा... खरा कुठे आहे?" अण्णांनी कसंबसं विचारलं.

"नको विचारू."

"सांग ना."

"ज्याने घेतला त्याचं केस कापायचं दुकान आहे. वर्षभराने गेले होते बघायला. आतलं सगळं काढलंय, आणि..."

"मासे?"

"टॉवेल!"

"टॉवेल?"

"दारं सरकवतो आणि टॉवेल काढतो!"

"स्वच्छ तरी आहेत का?"

"नाही रे!"

धाकटा पट्टा घेऊन धापा टाकत वर आला तेव्हा त्याला आत्या भिंतीला धरून वाकलेली दिसली आणि वरून बापाचे हुंदक्यांसारखे आवाज आले. "काय झालं? फुटला का?"

"टॉवेल," आत्या एवढंच म्हणू शकली.

वरच्या मजल्यावरून भूगोलाच्या बाई कठड्यावर वाकल्या. "अहो, तुम्ही अजून तिथेच? पाय काढा की! फिरवून निघतात ते!"

तेवीस जुने टीव्ही घरी असलेल्या माणसाने खाली हात घातला, एक पाय फिरवला, आणि तो मुकाट्याने हातात आला.

*

व्हॅन निघाली तेव्हा टीव्ही चादरींच्या गठ्ठ्यांवर लोळत होता, चारही पाय माईंच्या मांडीवर होते, आणि आत्या ओघात बोलून गेली, "वहिनी, या गुरुवारी मी तुला म्हटलं ना, की..."

तिने जीभ चावली.

"कुठल्या गुरुवारी?" अण्णांनी विचारलं.

अण्णांनी बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग परत बायकोकडे.

"नऊ वर्षं डोळे तपासतेस," ते म्हणाले. "तरीच म्हटलं, चष्मा कसा बदलत नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही," माई म्हणाल्या. "आणि खोटं मीच बोलले असं नाही. हिने मलाही फसवलं. बाबांचा म्हणे!"

"तुलाही कळलं?"

"जिन्यात तुम्ही दोघं ओरडत होतात. आख्ख्या इमारतीला कळलं."

"सगळे खोटारडे आहेत या घरात," थोरली म्हणाली. पण तिच्या मांडीवर टीव्हीचा कोपरा होता आणि ती रुमालाने त्याच्यावरची धूळ पुसत होती. "तरी ठराव तो ठराव. हा आपल्या घरी येणार नाही."

"माझ्याकडे ठेवा," आत्या म्हणाली. "आता दोन खोल्या आहेत मला. आणि दार रुंद आहे."

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. "याला बघावं लागतं अधूनमधून. नुसता ठेवून चालत नाही."

"मग येऊन बघ."

आत्याच्या घरी शिलाई मशीन बाजूला सरकवून जागा झाली. पाय पुन्हा बसवले, दारं सरकवली. अण्णांनी पिशवीतून आपला छोटा डबा काढला. आजकालचं प्रक्षेपण जुन्या टीव्हींना त्याच्याशिवाय कळत नसे. त्यांनी तारा जोडल्या आणि खटका दाबला. सगळे जमिनीवर बसले होते, आत्या सगळ्यांत पुढे, गुडघे मिठीत घेऊन. आधी घरघर आली. मग पडद्याच्या मधोमध उजेड जमला, पसरला, आणि हवामान सांगणारी एक बाई दिसली. पण ती एका जागी थांबेना. खालून यायची, सरसर वर जायची, आणि पुन्हा खालून यायची.

"ही कुठे चाललीय?" आत्याने विचारलं.

"वर," धाकटा म्हणाला, आणि पुन्हा सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली.

अण्णा टीव्हीच्या मागे गेले. बराच वेळ वाकून बघत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

"दुखणं अवघड आहे," ते म्हणाले. "आज व्हायचं नाही. पाच-सहा रविवार तरी लागतील."

"लागू देत," आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "घाई नको करूस."

माईंनी ऐकलं आणि मान खाली घातली. हे दुखणं त्यांना पाठ होतं. मागच्या बाजूचं तिसरं बटण, अर्धा वळसा, की चित्र थांबतं. बारा वर्षांत त्यांनी अण्णांना ते इतक्यांदा फिरवताना पाहिलं होतं की झोपेतही त्यांचा हात बरोबर तिथे गेला असता. बारा वर्षं याच टीव्हींमध्ये वावरलेल्या थोरलीलाही ते ठाऊक होतं. ती गुडघ्यांवर सरकत टीव्हीच्या मागे पोचलीच होती.

"माई, नुसतं ते तिसरं बटण..."

माईंनी तिचा हात वरच्या वर धरला.

"तू दात बघ," त्या म्हणाल्या.